लिफ्ट बंद आहे

काकूंनी भिंतीवरचा कागद वाचला आणि मुकाट्याने जिना चढायला घेतला. हातात दोन तयार चष्मे, गुडघे एकसष्ट वर्षांचे आणि गिऱ्हाईक, एक आजोबा, पाचव्या मजल्यावर. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना दुकानात येणं जमत नव्हतं, म्हणून काकू स्वतःच चष्मे पोचवायला आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून दम खात होत्या, तेवढ्यात समोर लिफ्टचं दार उघडलं आणि एक बाई भाजीची पिशवी घेऊन आरामात बाहेर आली.

"लिफ्ट चालू आहे?" काकूंनी विचारलं.

"चालूच आहे की. बंद कधी होती?"

काकूंनी पुढचे दोन मजले लिफ्टने गाठले, आजोबांच्या नाकावर चष्मा बसवला, काड्या कानामागे नीट वाकवून दिल्या, आणि खाली येऊन त्या कागदासमोर उभ्या राहिल्या. हा कागद कुणी लावला ते शोधून त्याला चार शब्द सुनवायचे होते. जवळून पाहिलं तेव्हा कळलं, की कागदाच्या वरच्या अर्ध्या भागावर कुणीतरी शिकवणीची जाहिरात चिकटवली होती. काकूंनी तिचं टोक नखाने उचललं. खाली लिहिलं होतं: चार बँड, एक दुपार. रविवारी चार वाजता, जुन्या लाँड्रीच्या मागचा हॉल. त्याखाली बँडची नावं, त्यातली पहिली दोन जाहिरातीखाली दडलेली. ओला टॉवेल. तीन नंबरची खिडकी. लिफ्ट बंद आहे. उद्या सांगतो.

प्रत्येक नावाशेजारी तिकिटाएवढा फोटो होता. तिसऱ्या फोटोत चार मुली होत्या. तिघी समोर बघत होत्या. चौथी हातातल्या वाद्याकडे मान घालून उभी होती. केस चेहऱ्यावर आलेले, दिसत होता तो फक्त चष्मा. काकूंनी आधी चष्मा ओळखला आणि मग माणूस. गोल, तपकिरी फ्रेम. डाव्या डोळ्याचा नंबर जास्त, काच जाड, ती बाहेरून दिसू नये म्हणून कड स्वतःच्या हाताने दोनदा घासलेली. हा चष्मा त्यांच्याच दुकानात तयार झाला होता, आणि तो घालणारी चार वर्षं त्यांच्याच घरात सून म्हणून राहिली होती.

ती लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत तंत्रज्ञ होती. बँडला असलं नाव कुणी दिलं असेल, हे काकूंना विचारावं लागलं नाही. त्या तिथेच एकट्या हसल्या, आणि हसू आवरल्यावर त्यांना कसंसंच झालं.

दीड वर्षापूर्वी मुलगा आणि सून वेगळे झाले होते. भांडण म्हणावं तर झालंच नव्हतं. झालं असतं तर काकूंना मध्ये तरी पडता आलं असतं. दोघं एका टेबलावर जेवायची, एकमेकांना मीठ द्यायची, आणि एक दिवस दोघांनी मिळून काकूंना समोर बसवून सांगितलं, की आम्ही ठरवलंय. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला गेला. सुनेने शहराच्या पलीकडच्या टोकाला खोली घेतली. काकूंच्या वाट्याला तीन खोल्यांचं घर आलं, आणि एक रिकामी संध्याकाळ. कारण कामावरून सुटली की सून आधी दुकानात यायची. हाताला ग्रीस, तळहातावर ओरखडे. काकूंच्या शेजारच्या स्टुलावर बसून डब्यात उरलेलं खायची आणि दिवसभर कोण कुठल्या मजल्यावर अडकलं त्याच्या गोष्टी सांगायची. दुकान बंद करून दोघी चालत घरी जायच्या. मुलाला यायला उशीरच व्हायचा. खरं सांगायचं तर काकूंनी मुलाच्या लग्नातून जे काही मिळवलं होतं, ते हेच.

मधे एकदा दोघी रस्त्यात समोरासमोर आल्या होत्या. सुनेने तोंड उघडलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नमस्कार." काकूही म्हणाल्या, "नमस्कार." आणि दोघी आपापल्या वाटेने गेल्या. सून घर सोडून गेली तेव्हा काकू रडल्या नव्हत्या. त्या नमस्काराने मात्र त्यांना रडवलं.

रविवारी त्यांनी तीनदा साडी बदलली. शेवटी दुकानात नेसतात तीच निळी नेसल्या. एरवी रविवारी पाच वाजता मुलाचा फोन यायचा. त्याला आदल्या दिवशीच कळवून टाकलं, की उद्या मी घरी नाही. कुठे जाणार ते सांगितलं नाही.

लाँड्रीच्या मागच्या हॉलच्या दारात एक मुलगी शिक्का घेऊन बसली होती. "काकू, कुणाला न्यायला आलात का?"

"नाही. ऐकायला."

"अरे वा!" मुलीने त्यांच्या मनगटावर माशाचा शिक्का मारला. काकूंनी तो पदराआड घेतला.

आत साबणाचा जुना वास अजून भिंतींत होता. खिडक्यांवर काळं कापड लावलं होतं, पण एका कोपऱ्यातून ऊन आत येऊन लोकांच्या पायांवर पडलं होतं. पन्नास-साठ माणसं असतील. बहुतेक सगळी उभी. पुढे वीतभर उंचीचा लाकडी ओटा, त्यावर वायरींचा गुंता. मागच्या बाजूला बटणांनी भरलेल्या टेबलामागे आवाज सांभाळणारी एक जाडजूड बाई बसली होती, काकूंपेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. तिने काकूंकडे एकदा पाहिलं, आपल्या खुर्चीशेजारची दुसरी खुर्ची पायाने पुढे सरकवली आणि खिशातून दोन पिवळे स्पंजाचे बोळे काढून दिले.

"कानात घाला. पहिला बँड जरा मोठ्यानं बोलतो."

जरा म्हणजे काय, ते ओला टॉवेल सुरू झाल्यावर कळलं. तीन तरुण, तिघांचे डोळे केसांमागे. काकूंना वाटलं, भिंत अंगावर आली. खुर्चीचा पाय थरथरत होता, दातही थरथरत होते. गाणाऱ्याचा एक शब्द कळेना. पण दोन गाणी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ढोल वाजवणाऱ्या पोराची जीभ प्रत्येक अवघड ठोक्याला बाहेर येते. काच घासताना त्यांचीही तशीच यायची. नवरा होता तेव्हा चिडवायचा. त्यानंतर त्यांना तो आवाज इतका परका वाटला नाही.

दुसऱ्या बँडमध्ये दोघंच होते, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी इतकं हळू गायची, की सगळा हॉल श्वास रोखून पुढे झुकला. मधेच तिच्या गिटारची तार तुटली. ती नवी तार लावत असताना मुलगा माइकवर म्हणाला, "तोवर कुणाला काही विचारायचंय का?" मागून कुणीतरी ओरडलं, "तुमचं लग्न झालंय का?" "आम्ही बहीणभाऊ आहोत," तो म्हणाला, आणि सगळा हॉल इतका हसला, की ओरडणाऱ्याने लाजून तोंड झाकलं. काकूही हसल्या. शेजारची बाई बटणांवरची नजर न काढता म्हणाली, "आवडतंय ना?"

"कळत नाही. पण जावंसं वाटत नाही," काकू म्हणाल्या.

"झालं तर मग."

मग ओटा रिकामा झाला आणि चार मुली आपापलं सामान घेऊन वर आल्या. सून सगळ्यांच्या मागे होती. केस कापून मानेवर आणलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिच्या हातात एक लांबट काळी पेटी होती. पेटीची एक कडी तुटलेली, तिथे पांढरी नाडी बांधलेली.

ती पेटी काकूंनी ओळखली.

चार वर्षं ती पेटी त्यांच्या घरात, मधल्या खोलीच्या कपाटामागे आडवी पडली होती. काकूंना वाटायचं, त्यात कामाची हत्यारं असतील. उंचीला बरोबर बसत होती म्हणून तिच्यावर त्या हिवाळ्याची जाड पांघरुणं ठेवायच्या. वर जुनी सूटकेस, तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. एवढं सगळं उचलून ती पेटी बाहेर काढायला अर्धा तास लागला असता. सून कधी काढा म्हणाली नाही, आणि काकूंनी कधी यात काय आहे म्हणून विचारलं नाही.

आता तिने ती उघडली. आतून मोठी गडद लाल गिटार निघाली. तिला चारच तारा होत्या.

"चारच?" काकूंनी शेजारी विचारलं.

"बेस आहे तो. ऐकू येतो कमी, पण बंद पडला तर सगळं गाणं खाली बसतं," बाई म्हणाली.

पहिलं गाणं सुरू झालं आणि काकू खुर्चीच्या टोकाला आल्या. आता ही काय गाणार? घराबद्दल? मुलाबद्दल? पेटीवर पांघरुणं ठेवणाऱ्या एका बाईबद्दल? जे येईल ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. गाणं निघालं चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे अडकलेल्या एका माणसाबद्दल. तो आत बसून बायकोला फोनवर गॅस बंद कर म्हणून सांगतो, ऑफिसात पोचतोच म्हणून सांगतो, आणि मग सांगायला कुणी उरत नाही तेव्हा शीळ वाजवायला लागतो. शेवटी सगळ्या हॉलने शीळ वाजवली. गाण्यात त्यांच्या घरातलं कुणी म्हणजे कुणीच नव्हतं. काकूंना हायसं वाटलं. आणि खोटं कशाला बोलायचं, थोडं लागलंही. चार वर्षांत एका ओळीपुरतंही काही सापडलं नाही हिला?

पण हे वाटणं फार टिकलं नाही, कारण त्यांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. डावा हात गिटारच्या मानेवरून वरखाली सरकत होता, उजव्याची दोन बोटं तारांवर चालत होती, अगदी सावकाश जिना उतरणाऱ्या माणसाच्या पायांसारखी. चेहऱ्यावर ताण नव्हता. दुकानात गोष्टी सांगताना असायची तशी ती होती. घरी जेवणाच्या टेबलावर ती अशी कधीच नसायची. हे काकूंना आज, इतक्या उशिरा, दिसत होतं.

तिसऱ्या गाण्यात चष्मा घसरायला लागला. हॉल तापला होता, घामाने नाक ओलं झालं होतं, आणि डावी काच जड. काकूंना पन्नास माणसांमागून दिसलं, की डावीकडची काडी सैल झाली आहे. महिनोन्महिने कुणी स्क्रू आवळलेला नाही. सुनेने खांद्याने चष्मा वर ढकलून पाहिला. जमेना. मान मागे टाकून पाहिली. चष्मा परत खाली. दोन्ही हात गुंतलेले. गाणं लांबलचक होतं, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबत होता. तो पडला असता तर वायरींच्या गुंत्यात पायाखाली आला असता, आणि त्याच्याशिवाय तिला हातभर लांबचंही दिसत नसे.

काकू उठल्या कधी, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. "जरा वाट द्या, जरा वाट द्या," म्हणत त्या गर्दीतून पुढे गेल्या. निळ्या साडीतल्या बाईंना बघून लोकांनी निमूट वाट दिली. त्या वीतभर उंच ओट्यावर चढल्या, सुनेसमोर उभ्या राहिल्या, आणि दोन्ही हातांनी चष्मा धरून वर सरकवला. मग पदराच्या टोकाने तिचं नाक टिपलं आणि काड्या कानामागे दाबून बसवल्या. हे त्यांनी आयुष्यात हजारो चेहऱ्यांवर केलं होतं. हात आपोआप चालले.

चष्मा जागेवर आल्यावर सुनेला समोर कोण आहे ते दिसलं.

तिची बोटं थांबली. बेस गेला, आणि ती बाई म्हणाली होती तसं गाणं खरंच खाली बसलं. गाणारी मुलगी वळून बघायला लागली. फक्त ढोलवाली वाजवत राहिली, एकटी, तोच ठेका, वाट बघत.

"वाजव," काकू म्हणाल्या. "वाजव गं. मी कुठे जात नाही."

सुनेने मान हलवली, डोळे मिटले, आणि पुढच्या ठोक्याला बोटं तारांवर पडली. हॉलमध्ये एकच आरोळी उठली. काकू खाली उतरल्या, पण मागे गेल्या नाहीत. ओट्याला टेकून, पर्स छातीशी धरून, उरलेली तीन गाणी त्यांनी तिथेच उभ्याने ऐकली.

वाजवून झाल्यावर सून त्यांना मागच्या दाराने बाहेर घेऊन गेली. तिथे दोन पायऱ्या होत्या, कपडे वाळवायच्या जुन्या लोखंडी चौकटी होत्या आणि उतरतं ऊन होतं. दोघी पायरीवर बसल्या.

"आण इकडे तो चष्मा," काकू म्हणाल्या. पर्समधून त्यांनी नखाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला. सून चष्मा देऊन बसली, उघड्या डोळ्यांनी काहीच न बघता.

"आवडलं का तुम्हाला?" तिने विचारलं.

"अर्धं कळलं नाही. तो शिट्टी वाजवणारा माणूस आवडला." स्क्रू आवळता आवळता काकू थांबल्या. "ती पेटी चार वर्षं माझ्या घरात होती. मी तिच्यावर पांघरुणं रचत होते. एकदा म्हणाली असतीस तर—"

"मीच ठेवली होती ती तिथे, कपाटामागे. पांघरुणं नंतर आली." तिने गुडघ्यांवर हनुवटी टेकवली. "लग्न झालं, नोकरी लागली, वाटलं झालं आता ते सगळं. तुम्ही विचारलं असतंत तर मी हत्यारं आहेत म्हणूनच सांगितलं असतं. तुमच्यावर नका घेऊ."

"बरं," काकू म्हणाल्या. थोडं त्यांनी मनातल्या मनात स्वतःवर घेतलंच, पण ते बोलून दाखवलं नाही.

"त्या दिवशी रस्त्यात," सून म्हणाली, "मी नमस्कार म्हटलं ना. तोंडाशी आई आलं होतं. मग वाटलं, आता म्हणायचा हक्क आहे की नाही? तेवढ्यात वेळ निघून गेला. घरी जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली."

"मला वाटलं, राग आहे तुझा."

"तुमच्यावर कशाला असेल?"

तेवढ्यात ढोलवाली मुलगी घाम पुसत बाहेर आली. उंच, मोठ्या हाडापेराची आणि थेट विचारणारी. "चष्मा बसवणाऱ्या ह्याच का? कोण गं ह्या?"

सून बघत राहिली. काकूंकडे, मग मैत्रिणीकडे. "ह्या माझ्या… माजी सासूबाई."

"माजी?" काकू म्हणाल्या. "निवडणूक हरल्यासारखं वाटतंय."

ढोलवाली खो खो हसत सुटली. सूनही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला, आणि ती काकूंच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. काकूंनी एका हाताने चष्मा जपून वर धरला आणि दुसरा हात तिच्या घामेजल्या पाठीवरून फिरवत राहिल्या. ढोलवालीने आत जाऊन पाण्याची बाटली आणली, पायरीवर ठेवली आणि निघून गेली.

"आईच म्हण," थोड्या वेळाने काकू म्हणाल्या. "तू त्याला सोडलंस, त्याने तुला सोडलं, ते तुमचं तुम्ही बघा. मला कुणी सोडल्याचा कागद माझ्याकडे तरी आलेला नाही."

"बरं," सून म्हणाली. मग नाक ओढून, "बरं, आई."

चौथा बँड त्यांनी ऐकलाच नाही. भिंतीपलीकडून त्याची धडधड येत होती, आणि पायरीवर बसून सून दीड वर्षातल्या सगळ्या अडकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला तेव्हा काकूंनी सगळं सांगून टाकलं. लपवायचं ठरवलं होतं, पण त्यांना ते कधीच जमलेलं नव्हतं. "बरी आहे ना ती?" त्याने विचारलं. "बरी आहे," काकू म्हणाल्या. "बोटांना घट्टे पडलेत." "चांगलं आहे," तो म्हणाला, आणि तो ते मनापासून म्हणाला होता. त्याची आई होती, तिला कळलं.

त्या बुधवारी सून दुकानात आली. पुढचे दोन बुधवार आली नाही. एका जुन्या इमारतीत काम निघालं होतं, आणि बहुधा थोडा संकोचही असावा. काकूंनी फोन केला नाही. स्टूल मात्र हलवलं नाही. चौथ्या बुधवारी ती परत आली, आणि एकटी नाही, तर अख्खा बँड घेऊन. ढोलवालीला हल्ली दिवे पसरट दिसत होते. काकूंनी तिला खुर्चीत बसवलं, तपासणीची जड गोल फ्रेम नाकावर ठेवली आणि एकेक काच आत टाकत गेल्या. "ही बरी की ही? ही की आधीची?" तिसऱ्या काचेला ढोलवाली तक्त्याची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचून गेली, आणि मग नवलाने सगळीकडे बघायला लागली. पंख्याकडे, फ्रेमांच्या रांगांकडे, आणि स्टुलावर बसून डबा खाणाऱ्या मैत्रिणीकडे.

"अगं, तुझ्या भुवईत तीळ आहे!" ती ओरडली. "दीड वर्ष ओळखते मी तुला!"

"डाव्या कानामागे अजून एक आहे," नंबर लिहून घेत, मान वर न करता काकू म्हणाल्या.